घड्याळकाकांची बुरशी

…आणि नेमकं त्याच वेळी न्हाव्यानं माझ्या कानाशी मशीन सुरू केलं! आता तुम्हीच सांगा, ही काय वेळ झाली मशीन सुरू करायची? मागच्या बाकावर दोघं जण आपल्या नंबराची वाट बघत बसलेले, त्यातला एक दुसऱ्याला सांगतोय, "अहो, घड्याळकाकांनी घरामागं काहीतरी पुरलंय म्हणे! आणि ते वर आलं ना, की दोघंही नवरा-बायको…" घर्रर्रर्र! संपलं! दोघंही काय? दोघंही लखपती होणार? दोघंही तुरुंगात जाणार? मी मान वळवायला गेलो तर न्हावी ओरडला, "हलू नका, कान जाईल!" म्हटलं, जाऊ दे बाबा, आत्ता त्याचा तसाही काय उपयोग होतोय! मशीन थांबलं तोवर ते दोघं गुडघेदुखीवर जाऊन पोचले होते.

तुम्हाला सांगतो, अर्धी राहिलेली शिंक आणि अर्धी राहिलेली बातमी माणसाला सुखानं जगू देत नाही. आता आपल्याला काय करायचंय म्हणा! पण घड्याळकाका म्हणजे काही कुणी परके नव्हेत. त्यांचं मागचं अंगण आणि आमचं मागचं अंगण, मधे एकच भिंत, छातीइतकी. त्या भिंतीवरून आमच्या दोन घरांत काय काय इकडचं तिकडं गेलंय… वाट्या, वर्तमानपत्रं, एकदा तर आमचा थोरला! चालता येत नव्हतं तेव्हा काकूंनी मागितला आणि हिनं दिला, भिंतीवरून, गाठोड्यासारखा. तर अशा माणसांनी काहीतरी पुरलं, आणि मला ते न्हाव्याच्या दुकानात कळावं? तेही अर्धं? आम्ही आठवडाभर मेहुण्याकडे काय गेलो, मागं एवढं घडलं! तुम्हाला सांगतो, माणसानं गल्ली सोडून जाऊच नये.

आणि लोक मलाच भोचक म्हणतात. अहो, माझी नोकरीच पाण्याचे मीटर वाचायची! लोकांच्या मागच्या दारानं जायचं, वाकायचं, झाकण उचलायचं, आकडा बघायचा. आता वाकल्यावर स्वयंपाकघरातलं बोलणं कानावर आलं, त्याला मी काय करू? मीटरला झाकण असतं, कानाला कुठं असतं?

तर घरी आलो, मानेवरचे केससुद्धा झटकले नाहीत, थेट भिंतीपाशी. काकू कपडे वाळत घालत होत्या. म्हटलं, "काकू, मी ऐकलं ते खरं का?"

"काय ऐकलंस?"

"तेच तर ऐकलं नाही ना!"

काकू हसल्या. हसल्या की त्यांच्या तोंडातला चिमटा पडायचा, तसा पडला. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. 'आपल्याला काय करायचंय' म्हणत म्हणत मी ते शेवटपर्यंत ऐकलं, आणि ऐकल्यावर वाटलं, न्हाव्यानं मशीन बंद केलं नसतं तर बरं झालं असतं.

झालं होतं असं. मी नव्हतो त्या आठवड्यात त्यांची मुलगी येऊन गेली. एकुलती एक. मला दादा म्हणते. तिला सायकल शिकवताना मागून धरून पळालेला मी, हात सोडला ते तिला गल्लीच्या टोकाला गेल्यावर कळलं. ती आता मोठ्या शहरात, उंच इमारतीत, मोठ्या हुद्द्यावर. तिनं काकांना सांगितलं, "बाबा, आता पुरे. दोघंच राहता, जिन्यावरून पडलात तर कळायचं कुणाला? घर विकू, माझ्याकडे चला." काका म्हणाले, "येतो की. झाडांना फळ आलं की येतो."

"कुठल्या झाडांना?"

"उद्या लावणार आहे ना, त्यांना."

आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस खरोखर रोपवाटिकेत गेला! माळ्याला विचारतो काय, तर "सगळ्यात उशिरा फळ देणारं झाड कुठलं हो तुमच्याकडे?" माळी म्हणाला, "ओक म्हणून विलायती झाड आहे साहेब. मुळांना ट्रफलची बुरशी लावून तयार केलेली रोपं. फळ झाडावर नाही येत, मातीखाली, मुळांशी येतं. बुरशीचंच फळ ते. पण वेळ लागतो बघा… आठ वर्षं, दहा वर्षं, कधी कधी तर येतही नाही." काका म्हणाले, "द्या!"

"किती देऊ?"

"आहेत तेवढी!"

म्हटलं, "काकू, बुरशी? आमच्याकडे पावाला बुरशी आली तर ही पाव माझ्या अंगावर फेकते, आणि काका मुद्दाम लावलेली घेऊन आले?" तर म्हणाल्या, "तो काळा गोळा असतो म्हणे, बटाट्याएवढा, खडबडीत. मोठ्या हॉटेलात चिमूटभर किसून घालतात आणि लोक डोळे मिटून घेतात."

"चवीनं की किमतीनं?"

"कुणी खाल्लंय!"

म्हणजे 'पुरलंय' ते हे! आणि वर आलं की दोघंही… जाणार. लखपती नाही, तुरुंग नाही. नुसते जाणार. मी विचारलं, "आणि तुम्हाला जायचंय का काकू?" तर चादर झटकत म्हणाल्या, "मला काय, मी आत्ता निघेन! लेकीकडे जायला कुणाला नको असतं? यांचाच पाय निघत नाही." हे वाक्य त्या पुढं सगळ्या गल्लीला सांगायच्या. दूधवाल्याला, पोस्टमनला, हिला तर आठवड्यातून दोनदा. "मी तयार आहे हो, हेच ऐकत नाहीत."

तुम्हाला खरं सांगू? मला जेवण गेलं नाही. अहो, मी शाळेतून घरी यायचो तो काकांच्या दुकानाच्या काचेला नाक लावून. दुकान कसलं, चौकातलं एक कपाटच ते! आत काका, एका डोळ्याला ते काळं भिंग, आणि भिंतीवर सगळी घड्याळं. प्रत्येकाची वेळ निराळी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, आमच्या नातेवाइकांसारखी. मी विचारायचो, "काका, यातली खरी वेळ कुठली?" तर मान वर न करता म्हणायचे, "तुझी आई हाक मारेल ती." पुढं लोकांच्या खिशात फोन आले, मनगटं रिकामी झाली, दुकान बंद पडलं आणि ती सगळी घड्याळं काकांनी घरी आणून, एका वेळेला लावून टांगली. दुपारी बाराला आमच्या घरात बोलायची सोय राहिली नाही! टोले सुरू झाले की ही वाढता वाढता हात थांबवून उभी राहायची, सगळी संपली की मगच वाढायची. मी चिडायचो. पण ती माणसं जाणार, भिंतीपलीकडे दुसरं कुणीतरी येणार, डिजिटलवालं… छे!

मग मीच मला समजावलं, की काकांची युक्ती नामी आहे. मुळात न येणारं फळ, वर काळजी घेतली नाही तर कशाला येतंय? दोन उन्हाळ्यांत रोपं वाळतील, माळ्याला नावं ठेवायची, पुन्हा नवी आणायची. जन्म जाईल की असा!

पण इथंच तर घोळ झाला. युक्ती काकांची होती, पण हात घड्याळजीचे होते! त्या माणसाला वाईट काम करता येत नाही हो! जन्मात केलं नाही, आता सत्तरीत कुठून शिकणार? आधी म्हणाले, माती आंबट आहे, ही बुरशी आंबट मातीत जगत नाही. झालं, चुन्याची पोती आली. आठवडाभर काका नखशिखांत पांढरे, काकूंनी दारातच कपडे बदलायला लावले. मग रोपांशेजारचं जुनं झाड, ज्याच्या मुळांतली दुसरी बुरशी येऊन ह्या बुरशीला हाकलेल, ते काढलं. मग एका रोपाच्या बाजूची माती बोटानं, अहो बोटानं, हळूच सारली आणि डोळ्याला भिंग लावून पालथे पडले. मी भिंतीवरून विचारलं, "काय दिसतंय काका?" तर आतूनच बोलल्यासारखा आवाज आला, "टोप्या घातल्यात रे. मुळांच्या प्रत्येक टोकाला बुरशीची इवलीशी टोपी. सुंदर बसलीय. अगदी कंपनीचं काम."

उन्हाळ्यात त्यांचं मीटर बघायला गेलो तर मीच दचकलो. दोन म्हातारी माणसं आणि मीटर पळतंय लाँड्रीचं असल्यासारखं! म्हटलं, "काका, इतकं पाणी? मेली तर मेली की झाडं! तुम्हाला काय हवंय ते विसरलात का?"

काका पाइप हातात धरून तसेच उभे राहिले. म्हणाले, "बंद घड्याळ समोर ठेवून मी कधी जेवलोय का रे?"

मग एकदा कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई प्रेमानं शेणखताची टोपली घेऊन आल्या, तर काका म्हणाले, "नको बाई, खतानं ही बुरशी मरते." मी लगेच म्हटलं, "मग घाला की!" तुम्हाला सांगतो, काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घड्याळात मुरंबा भरायला सांगितलाय.

अशी वर्षं गेली. झाडं गुडघ्याला आली, कमरेला आली, भिंतीवरून आमच्याकडे डोकावायला लागली, माझ्यासारखीच. दर हिवाळ्यात मुलीचा फोन, "बाबा, आलं का फळ?" आणि काका उजळ तोंडानं म्हणायचे, "नाही गं अजून." खोटं नव्हतंच ते. आणि आम्ही भिंतीअलीकडे श्वास सोडायचो… चला, आणखी एक वर्ष! माझी थोरली पोरं शिकून बाहेर गेली, माझं कपाळ मागं सरकत सरकत मानेपर्यंत गेलं, न्हाव्याचं काम निम्म्यावर आलं. भिंतीवरचं बोलणं तेवढं होतं तसं होतं.

मग एका वर्षी झाडांखालचं गवत जळायला लागलं. प्रत्येक बुंध्याभोवती गोल, काळपट, टक्कल पडल्यासारखं. मला आनंद झाला! म्हटलं, रोग पडला! तोंड पाडून सांत्वनाला गेलो, तर काका त्या टकलापाशी उकिडवे बसलेले. म्हणाले, "रोग नाही रे. ही खूण आहे. खाली बुरशी पसरली की वर गवत टिकू देत नाही." आणि मग अगदी हळू, "चालू झालंय."

मी तो चेहरा विसरणार नाही. एका डोळ्यात कारागिराचा आनंद, दुसऱ्या डोळ्यात घर सोडायची भीती. दोन्ही डोळे एकाच माणसाचे, बिचाऱ्यानं बघायचं कुठल्यानं?

त्या हिवाळ्यात आम्ही वाट बघितली. काही नाही. पुढच्या हिवाळ्यात, काही नाही. काका स्वतः उकरून बघायचे नाहीत. म्हणायचे, "फळ आलं की येतो म्हणालोय. शोधून काढतो म्हणालो नव्हतो." आम्हाला पटलं. पण त्याच दोन हिवाळ्यांत आमच्या घरात निराळंच सुरू झालं. वास! मागचं दार उघडलं की वास. ही म्हणाली, "गॅस गळतोय!" गॅसवाला आला, शेगडी बघितली, नळी बघितली, साबणाचा फेस लावून बघितला. म्हणतो, "इथं काही नाही." मग माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "साहेब, जरा बूट काढता?" अहो, माझ्या घरात, माझ्या बायकोसमोर! त्या दिवसापासून माझे मोजे दाराबाहेर. आता आपल्याला काय करायचंय म्हणून सोडून दिलं, पण अपमान तो अपमानच.

आणि मग तिसऱ्या हिवाळ्यात मुलगी फोनवर थांबली नाही. स्वतः आली. सोबत एक कुत्रेवाला आणि त्याची ती चपळ, लोंबत्या कानांची कुत्री. मातीखालचं ट्रफल वासावरून काढायला शिकवलेली. मुलगी म्हणाली, "बाबा, वर्षं झाली. आज एकदाच काय ते बघू. निघालं तर तुम्ही माझ्यासोबत." काका खुर्ची बाहेर घेऊन बसले. काकू मागच्या दारात, पदर तोंडाशी. भिंतीअलीकडे मी आणि ही. मी ड्यूटीला गेलोच नाही. म्हटलं, लोकांचं पाणी आज मोजलं नाही तर वाहायचं थांबणार आहे का?

कुत्री पहिल्या झाडाशी गेली. हुंगलं, दोन वेळा पंजा मारला, सोडून दिलं. दुसऱ्या झाडाशी तेच, तिसऱ्याशी तेच. कुत्रेवाला वाकून माती चाचपत म्हणाला, "वास आहे, माल नाही. होता इथं. कुणीतरी काढून नेलाय."

आणि तुम्हाला सांगतो, सगळ्यांच्या माना हळूहळू… माझ्याकडे! का? तर त्या अंगणात बाहेरचा येणारा-जाणारा कोण? मीटरवाला! मी तोंड उघडणार, एवढ्यात त्या कुत्रीनं नाक वर केलं, कान उडवले, आणि अशी सुटली, अशी सुटली, की भिंतीवरून थेट आमच्या अंगणात! आमच्या पालापाचोळ्याच्या ढिगात! माती उडतेय, पानं उडतायत, शेपूट तेवढं बाहेर! आणि काय निघालं? काळे गोळे! काही सडून लिबलिबीत झालेले आणि एक टणटणीत, ताजा, चांगला मुठीएवढा. आणि तो वास, अहो तोच गॅस!

ही माझ्याकडे बघायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशी कधी बघितली नव्हती. "म्हणजे तुम्ही…?" मी म्हटलं, "अगं, मला बटाटासुद्धा ओळखून आणता येत नाही!" पण ऐकतंय कोण? माल माझ्या ढिगात, हात माझे रिकामे, तोंड माझं चोराचं. काका खुर्चीतून उठले. एवढंच म्हणाले, "तू रे?" शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "त्याला काही बोलू नका. मी टाकलेत."

काकू! अहो, काकू! 'मी आत्ता निघेन' वाल्या काकू!

"कपडे वाळत घालताना जमिनीला भेग दिसली," काकू सांगायला लागल्या. "खुरपं घातलं तर हे. मग दर थंडीत हे दुपारी झोपले की काढायची आणि भिंतीवरून टाकायची. आपल्या केरात टाकले असते तर यांना वास आला असता. त्यांच्याकडे कुणाला काही कळत नाही."

मुलगी म्हणाली, "पण आई, तू तर यायला तयार होतीस! बाबाच…"

"मग काय सांगू? एकुलती एक लेक, तिला येत नाही म्हणू? आणि यांच्यासमोर नको म्हटलं असतं, तर हे माझ्यावर ढकलून मोकळे, की हिचाच पाय निघत नाही. तुझं घर छान आहे गं. पण तिथं एवढ्या उंचावर मी कपडे वाळत घालायला लागले, की बोलायचं कुणाशी?"

माझी ही रडायला लागली. मी इकडंतिकडं बघितलं, डोळ्यांत माती गेली होती माझ्या, कुत्रीनं उडवलेली. आणि काका? काकांनी यातलं 'दर थंडीत' एवढंच ऐकलं होतं! ते भिंतीपाशी येऊन हात पुढं करून उभे. मी तो ताजा गोळा त्यांच्या हातात दिला. त्यांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, गोळा फिरवून फिरवून बघितला आणि त्यांचा आवाजच चिरकला. "आलं होतं? दोन वर्षं आलं होतं, आणि मला वाटत होतं माझं काहीतरी चुकलं…"

मग भिंग उतरवलं, ताठ झाले. "शब्द म्हणजे शब्द. फळ आलं. सामान बांधतो."

मुलीनं एकदा आईकडे बघितलं, एकदा बापाकडे. मग आमच्या ढिगाकडे. आणि म्हणाली, "कुठं आलं, बाबा? आपल्या अंगणात तर काही मिळालं नाही. मिळालं ते दादाच्या अंगणात. जायचं असेल तर दादानं जावं."

तुम्हाला सांगतो, सायकल शिकवल्याचं सार्थक झालं.

तर न्हाव्याकडची ती बातमी काही सगळीच खोटी नव्हती. पुरलेलं वर आलं, आणि दोघंही जातात, पण फक्त उन्हाळ्यापुरते. तेव्हा लेकीकडे, थंडी पडायच्या आत परत. असं त्या दिवशी भिंतीवरच ठरलं. ते नसताना झाडांना पाणी मी घालतो, आणि मग मीटरवर जाऊन तेच पाणी मीच मोजतो. घड्याळांना चावीही मीच देतो. काका म्हणाले होते, राहू दे, बंद पडली तर पडू दे. पहिल्या उन्हाळ्यात पडू दिली. दुपारी बाराला ही ताट घेऊन उभी राहिली, टोल्यांची वाट बघत. आवाजच नाही. भाजी गार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सगळी सुरू केली.

आणि ते ट्रफल? त्याच दिवशी किसलं ना! गरम पावावर लोणी, वर अंडं, त्याच्यावर काकांनी घड्याळाच्या चिमट्यानं एकेक चकती मांडली. मुलीनं खाल्लं आणि पाणी मागितलं. काकूंनी नुसतं हुंगलं. ही म्हणाली, उपास आहे. काका माझ्याकडे बघत होते, दहा वर्षांचं काम माझ्या घशाशी होतं आणि तोंडात… काय सांगू, पावावर गॅसची टाकी वाढल्यासारखं! मी म्हणून गेलो, "वा! काका, वा!"

तेवढंच चुकलं बघा. आता दर हिवाळ्यात पहिलं फळ निघालं की भिंतीवरून ताटली येते, सगळ्यात जाड चकत्या माझ्या. आणि काका भिंतीवर कोपरं टेकवून उभे असतात, शेवटचा घास जाईपर्यंत. खातो मी. श्वास धरून, डोळे मिटून खातो, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय चव लागली असेल याला!